चाळीस हजारांत कामाचा कॅमेरा: सगळे पैसे बॉडीवर घालण्याआधी हे बघा

तुळशीची लग्नं लागली की तालुक्याच्या गावातल्या मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात. दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली लाइट धरलेल्या, दुसऱ्या कॅमेऱ्यावर उभं राहिलेल्या पोरांना त्याच सुमारास वाटायला लागतं, की आता आपला स्वतःचा कॅमेरा पाहिजे. हातात साधारण चाळीस हजार असतात. थोडे सोयाबीनच्या पट्टीतले, थोडे आईनं बचत गटातून उचललेले, थोडे मामाकडून हातउसने. दुकानात गेलं की नवा सीलबंद डबा पुढं येतो. बॉडी, सोबत किट लेन्स, बॅग आणि एक कार्ड फुकट. चाळीस हजार तिथंच संपतात.

मग पहिली ऑर्डर येते ती गोरज मुहूर्ताची. दिवस मावळलेला, मांडवात झगमग असली तरी चेहऱ्यावर उजेड कमी, आणि फोटो येतात ते हललेले नाहीतर काळपट. अंतरपाट बाजूला झाला तो क्षण, अक्षता पडल्या तो क्षण पुन्हा काढता येत नाही. नवरीचा बाप अल्बम बघून काय बोलतो ते चार गावांत पोचायला वेळ लागत नाही. कॅमेरा नवा असतो, महागाचा असतो, पण त्या कामाचा नसतो.

कमी पैशात चांगलं काम निघतं. फक्त त्या पैशाची वाटणी दुकानाच्या काउंटरवर होऊ द्यायची नाही, ती घरून करून निघायचं.

आधी काम कोणतं ते ठरवा

लग्न, हळद, बारसं, साखरपुडा, डोहाळजेवण ही एक तऱ्हा. दुकानात बसून पासपोर्ट फोटो काढायचे ही दुसरी. रील, यूट्यूब, कीर्तनाचं शूटिंग ही तिसरी. या तिन्हींना एकच कॅमेरा सारखाच चांगला पडत नाही.

पासपोर्ट फोटोचंच घ्या. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० डीपीआयवर छापायला जेमतेम सव्वादोन लाख पिक्सेल लागतात, म्हणजे पाव मेगापिक्सेलसुद्धा नाही. त्यासाठी दहा-बारा वर्षांपूर्वीची जुनी बॉडी आणि दोन बरे लाइट पुरतात. तिथं नव्या कॅमेऱ्यावर पैसे घालणं म्हणजे किराणा आणायला ट्रॅक्टर काढण्यासारखं.

नुसते रील आणि दुकानाच्या जाहिरातीचे व्हिडिओ करायचे असतील, तर हातातला बरा फोन, एक ट्रायपॉड आणि कॉलरला लावायचा माइक एवढ्यावर सुरुवात होते. व्हिडिओ बघणारा माणूस थोडं धूसर चित्र चालवून घेतो, पण आवाज फाटला की पुढं सरकतो.

लग्नाच्या कामात मात्र फोनची दमछाक होते. म्हणून इथून पुढचं सगळं मुख्यतः लग्नासमारंभाच्या कामाबद्दल.

मेगापिक्सेलचा आकडा आणि सेन्सरची चटई

दुकानदार पहिल्यांदा मेगापिक्सेल सांगतो. गिऱ्हाईकही तेच विचारतं. हिशेब करून बघितला तर ४ बाय ६ इंची फोटो ३०० डीपीआयवर छापायला १२०० गुणिले १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही पुरे होत नाहीत तोवर काम झालं. भिंतीवर लावायचा १२ बाय १८ चा फोटो त्याच बारकाईनं छापायला साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात, आणि तो दोन हातांवरून बघायचा असल्यामुळं २०० डीपीआयवर छापला तरी चालतो. तेव्हा लागतात साडेआठ. करिझ्मा अल्बमची शीट १२ बाय ३६ ची असली तरी तिच्यावर एकच फोटो क्वचित असतो, बहुतेक वेळा चार-पाच मांडलेले असतात. थोडक्यात, १६ मेगापिक्सेलची जुनी बॉडीही अल्बमला कमी पडत नाही. २४ असतील तर उत्तमच, पण त्या आकड्यासाठी जास्तीचे दहा हजार मोजण्यात अर्थ नाही.

खरा फरक सेन्सरच्या आकाराचा. पाऊस पडताना अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? उजेडाचंही तसंच आहे. साध्या डीएसएलआरमधला एपीएस-सी सेन्सर साधारण २२ बाय १५ मिलिमीटरचा असतो. ‘साठ पट झूम’ लिहिलेले जे कॅमेरे दिसायला अगदी डीएसएलआरसारखे असतात, त्यांच्या पोटात बहुधा सहा बाय साडेचार मिलिमीटरच्या आसपासचा सेन्सर असतो. क्षेत्रफळात हा फरक बारा पटींच्या घरात जातो. दुपारच्या उन्हात दोघांचे फोटो जवळपास सारखे दिसतील. रात्री वरातीत झूमवाल्याच्या फोटोत रांगोळी पसरल्यासारखे दाणे येतील. लांबलचक झूम बघून भुलणारे बरेच असतात, आणि ते कॅमेरे नंतर विकायला काढले तर गिऱ्हाईक मिळत नाही.

लेन्सवर पैसे का ठेवायचे

किट लेन्स म्हणजे १८-५५ ची लेन्स. तिच्या तोंडावर ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. झूम पुढं नेला की ती जास्तीत जास्त ५.६ एवढीच उघडते. याउलट ५० एमएमची साधी १.८ लेन्स. आकडा लहान म्हणजे भोक मोठं. ५.६ च्या तुलनेत १.८ वर जवळपास दहा पट उजेड आत येतो.

दहा पट म्हणजे नेमकं काय, ते मांडवात उभं राहिल्यावर कळतं. समजा किट लेन्सवर संध्याकाळी शटर १/१५ सेकंदावर गेलं. अक्षता टाकणारे हात त्या वेगात पुसट येणारच, चेहराही हलणार. त्याच उजेडात, बाकी काही न बदलता, १.८ वर शटर १/१५० ला येतं. हात थांबतात, अक्षता हवेत दिसतात. बॉडी तीच, फोटोग्राफर तोच. बदलली फक्त लेन्स, आणि ती जुन्या बाजारात बॉडीच्या चौथाई किमतीत मिळून जाते.

एक धोका मात्र आहे. १.८ वर फोकसची जागा पातळ होते. नवऱ्याच्या डोळ्यावर फोकस केला तर शेजारी अर्धा पाऊल मागं उभी असलेली नवरी धूसर येऊ शकते. दोघं असतील तर २.८ किंवा ४ पर्यंत बंद करायचं, ग्रुप असेल तर ५.६ किंवा ८ वर फ्लॅश घेऊन काढायचा. नवीन पोरं सगळं लग्न १.८ वर काढतात आणि घरी येऊन मॉनिटरवर कपाळाला हात लावतात.

दुसरी गोष्ट जागेची. ५० एमएम लेन्स एपीएस-सी बॉडीवर लावली की कॅननला दीडच्या थोडी पुढं, १.६ पटीनं, आणि निकॉनला १.५ पटीनं आवळल्यासारखी दिसते, म्हणजे ७५-८० एमएमसारखी. कार्यालयातल्या स्टेजसाठी ती झकास. पण दहा बाय बाराच्या खोलीत नवरीला हळद लागतेय, चारी बाजूंनी बायका बसल्यात, तिथं ५० एमएमवाल्याला फोटो घ्यायला ओसरीत जावं लागेल. म्हणून किट लेन्स विकून टाकायची नाही. खोलीत आणि ग्रुपला किट, स्टेजवर आणि कॅन्डिडला ५०, अशी जोडी लावायची. निकॉन वापरणाऱ्यांना ३५ एमएम १.८ जास्त सोयीची पडते, ती घरातही चालते आणि स्टेजवरही.

निकॉनच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या बॉडींमध्ये, म्हणजे डी३५००, डी५६०० वगैरेंमध्ये, फोकसची मोटर नसते. जुनी ५० एमएम १.८डी लेन्स स्वस्तात मिळते म्हणून घेतली तर तिच्यावर ऑटोफोकस चालतच नाही, हातानं फिरवत बसावं लागतं. या बॉडींना एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच लेन्स लागते. डी७००० मालिकेला हा त्रास नाही, तिच्यात मोटर असते.

फ्लॅश, आणि मांडवाचं लाल कापड

बॉडीवरचा उघडणारा छोटा फ्लॅश समोरून थोबाडावर मारतो. चेहरे पांढरेफटक आणि मागं काळोख. बाहेरचा, मान वळणारा फ्लॅश घेतला आणि तो छताकडं फिरवला, की उजेड छतावर आपटून मऊ होऊन खाली येतो. स्लॅबच्या, चुना लावलेल्या खोलीत यासारखा उपाय नाही.

पण आपल्याकडं छत पांढरं असतंच असं नाही. मांडवाला लाल-पिवळं कापड असलं की उजेड तोच रंग घेऊन खाली उतरतो आणि नवरीचा शालू कोणत्या रंगाचा होता हे नंतर ओळखू येत नाही. पत्र्याच्या उंच शेडमध्ये उजेड वर जातो तो परत येतच नाही. अशा ठिकाणी फ्लॅशला पांढरा डिफ्युजर लावून किंवा साध्या पांढऱ्या कार्डाचा तुकडा रबरानं बांधून पुढं मारावा लागतो. हे कार्ड दहा रुपयांत होतं.

फ्लॅश घेताना बॉडी सोबत न्यावी. कॅननच्या ३०००डी आणि २००डी मार्क २ या बॉडींवर फ्लॅश बसवायच्या खाचेत मधला मोठा गोल पॉइंटच दिलेला नाही. त्यामुळं स्वस्तातले एकाच पॉइंटवर चालणारे मॅन्युअल फ्लॅश त्यांच्यावर पेटत नाहीत. बॉडीवर लावून, दहा-बारा वेळा मारून बघितल्याशिवाय फ्लॅशचे पैसे द्यायचे नाहीत.

जुनी बॉडी: कुठली आणि का

कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. सगळा जोर मिररलेसवर गेला. शहरातल्या स्टुडिओवाल्यांनी एकेक करून मिररलेस घेतले आणि त्यांचे चालू स्थितीतले डीएसएलआर बाजारात आले. कमी पैसेवाल्याच्या ते पथ्यावरच पडलं. नव्या साध्या बॉडीच्या किमतीत, किंवा त्याहून कमी पैशात, वरच्या दर्जाची जुनी बॉडी मिळते.

लग्नाचे फोटो हेच मुख्य काम असेल तर निकॉन डी७१०० किंवा डी७२०० यांचा विचार जरूर करावा. कारण एकच पण मोठं आहे: त्यांना दोन कार्डांचे खण आहेत. प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी उतरवायची सोय होते. एक कार्ड दगावलं तर दुसऱ्यावर लग्न शिल्लक राहतं. गंमत म्हणजे नंतर आलेल्या डी७५०० मध्ये कंपनीनं एक खण काढून टाकला, त्यामुळं ‘नवीन म्हणून चांगला’ हा हिशेब इथं चालत नाही. कॅननच्या साध्या बॉडींना तर एकच खण असतो. तिथं मग एकाच मोठ्या कार्डावर सगळा दिवस न काढता दोन-तीन छोटी कार्डं बदलत राहायचं. हळद एका कार्डावर, लग्न दुसऱ्यावर.

व्हिडिओही बऱ्यापैकी करायचा असेल तर पारडं कॅननकडं झुकतं. ७०डी, ८०डी, २००डी या बॉडींमध्ये ड्युअल पिक्सेल फोकस आहे, माणूस चालत आला तर फोकस त्याच्यासोबत गुळगुळीत सरकतो. १५००डी मध्ये तो नाही आणि निकॉनच्या डी७२०० मध्येही व्हिडिओचा फोकस चाचपडतो. आणखी एक ध्यानात ठेवायचं, या डीएसएलआरवर व्हिडिओची एक क्लिप जास्तीत जास्त २९ मिनिटं ५९ सेकंदांची होते, मग रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. युरोपात अर्ध्या तासाच्या वर रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा समजून जास्त जकात लागायची, त्यातून ही मर्यादा आली. कीर्तन ऐन रंगात असताना कॅमेरा बंद पडलेला असतो आणि शूटिंगवाला टाळ्या वाजवत असतो, असं होऊ द्यायचं नसेल तर घड्याळ बघत बसावं लागतं.

मिररलेस घ्यायचाच असं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी एवढं बघावं. सोनी झेडव्ही-ई१० आणि निकॉन झेड३० यांना डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही. व्हिडिओवाल्याला तो लागत नाही, पण भर दुपारच्या वरातीत उन्हात मागचा स्क्रीन दिसत नाही, तेव्हा अंदाजे फोटो काढावे लागतात. आणि मिररलेसची बॅटरी लवकर उतरते, दोन जादा बॅटऱ्यांचा खर्च आधीच धरावा.

जुना कॅमेरा तपासायचा कसा

जुनी मोटारसायकल घेताना आपण किलोमीटर बघतो. कॅमेऱ्याचं किलोमीटर म्हणजे शटर काउंट, आजवर किती क्लिक झाले तो आकडा. निकॉन डी३००० मालिकेचं शटर एक लाख क्लिकपर्यंत चाचणी केलेलं असतं, डी७१०० आणि डी७२०० चं दीड लाख, कॅनन ८०डी चं एक लाख. एका लग्नाला तीन हजार क्लिक धरले तर एक लाखाच्या शटरमध्ये तेहतीस-चौतीस लग्नं बसतात. ऐंशी हजार क्लिक झालेली बॉडी पाच हजारांनी स्वस्त मिळतेय म्हणून घेतली, तर या हिशेबानं सात लग्नांचंच आयुष्य हातात उरतं. त्यानंतर शटर लगेच मोडतंच असं नाही, दोन लाखांवर चालणारीही असतात, पण भरवसा नसतो. आणि शटर बदलायला पैसे तर लागतातच, शिवाय कॅमेरा शहरात पाठवून वाट बघावी लागते, तीही ऐन सीझनमध्ये.

निकॉनचा आकडा ताज्या काढलेल्या फोटोच्या माहितीतच असतो, फोटो मोबाइलवर घेऊन एखाद्या अॅपमध्ये उघडला की दिसतो. कॅननच्या बहुतेक बॉडी तो फोटोत लिहीत नाहीत, केबलनं लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरनं काढावा लागतो. विकणारा ‘फक्त घरगुती वापर’ म्हणत असला आणि आकडा दाखवायला तयार नसला, तर चहा पिऊन परत यावं.

मग लेन्स. पुढचं-मागचं झाकण काढून एका बाजूनं मोबाइलचा टॉर्च आत मारायचा आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. फोटोग्राफर तिला फंगस म्हणतात. धुळीचे चार-दोन कण असले तर काही बिघडत नाही. फंगस असेल तर लेन्स कितीही स्वस्त मिळो, घ्यायची नाही. ती काचेचा लेप खाते, आणि बॅगेतल्या दुसऱ्या लेन्सलाही लागण व्हायची भीती असते. कोकणातून किंवा घाटमाथ्यावरून आलेल्या मालाची ही तपासणी दोनदा करावी.

सेन्सरसाठी लेन्स २२ वर बंद करून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढायचा. जे काळे ठिपके प्रत्येक फोटोत त्याच जागी येतात ती सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, तिचे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत. झाकण लावून, आयएसओ १६०० वर एक काळा फोटोही काढावा. त्यात लाल-निळे चमकणारे बिंदू खूप दिसले तर सेन्सर थकलेला आहे. जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर फोकस जातो का, झूम फिरवताना अडकतो का, कार्डाच्या आणि बॅटरीच्या झाकणाची बिजागरी शाबूत आहे का, फ्लॅश लागतो का, बॅटरी फुगलेली तर नाही ना, हे सगळं उभ्या उभ्या होतं. सगळ्यात शेवटी दहा-पंधरा मिनिटं सलग व्हिडिओ चालवून बघावा. तापून बंद पडणारी बॉडी तेवढ्या वेळात उघडी पडते.

पैसे देण्याआधी बॉडीच्या तळाशी असलेला सीरियल नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवायचा. बिल हरवलंय म्हणणारे बरेच भेटतात. अशा वेळी निदान विक्रीची साधी पावती हातानं लिहून, सीरियल नंबर, तारीख आणि विकणाऱ्याच्या सहीसकट घ्यावी, आधार कार्डाची प्रत जोडावी. कार्यालयातून कॅमेऱ्याच्या बॅगा चोरीला जाणं नवीन नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाऱ्यावरही गुन्हा होतो. निम्म्या किमतीत, बिलाशिवाय, डबा नाही आणि चार्जरही नाही, अशी वस्तू समोर आली की तेच पुरेसं कारण.

मोबाइलवर जाहिरात बघून घेणाऱ्यांना दुसरा धोका. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली म्हणून विकतोय, थोडे पैसे आधी टाका, पार्सल पाठवतो’ असं सांगून लुटणाऱ्यांच्या टोळ्या अजून चालू आहेत. कॅमेरा हातात घेतल्याशिवाय एक रुपया टाकायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, जितका उशीर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता कमी. शक्य असेल तर मुंबईला फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा जवळच्या शहरातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात स्वतः जाऊन, कामाची सवय असलेला माणूस सोबत नेऊन घ्यावा. एसटीचं भाडं वाया जात नाही.

चाळीस हजारांची वाटणी

किमती गावागणिक आणि महिन्यागणिक हलतात, पण वाटणी अशी ठेवली तर काम अडत नाही. बॉडी आणि सोबतची किट लेन्स मिळून पंचवीस हजारांच्या वर जाऊ द्यायची नाही. पाच-सहा हजार १.८ च्या लेन्सला. चार-पाच हजार फ्लॅशला. उरलेल्यात दोन चांगली कार्डं, एक जादा बॅटरी, फ्लॅशचे चार्जिंगचे सेल. पंचविसाची बॉडी मिळत नसेल तर बॉडी एक पायरी खालची घ्यावी, फ्लॅश आणि लेन्स कापायची नाही.

कार्डात काटकसर करायचा मोह सगळ्यांना होतो. बाजारात नकली कार्डं भरपूर आहेत. वर १२८ जीबी लिहिलेलं, आत जागा त्याच्या पाव. कार्ड भरेपर्यंत सगळं ठीक दिसतं, नंतरचे फोटो उघडतच नाहीत. नवं कार्ड आणलं की लॅपटॉपवर एच२टेस्टडब्ल्यू या फुकट सॉफ्टवेअरनं एकदा पूर्ण भरून तपासावं. रात्रभर लागली तरी चालेल. व्हिडिओसाठी कार्डावर यू३ किंवा व्ही३० ची खूण बघावी, म्हणजे सेकंदाला निदान ३० एमबी लिहायची हमी.

कर्ज काढायचं असेल तर प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटाखाली ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. बँक कोटेशन मागते आणि ते जीएसटी नंबर असलेल्या दुकानाचं लागतं. ओळखीतून घेतलेल्या जुन्या बॉडीला असं कोटेशन मिळत नाही, त्यामुळं कर्ज काढणारा आपोआप नव्या डब्याकडं ढकलला जातो. त्यावर एक तोड आहे. जुनी बॉडी गाठीच्या पैशातून घ्यायची. लेन्स, फ्लॅश, एडिटिंगचा कॉम्प्युटर या नव्या वस्तूंचं कोटेशन बँकेला द्यायचं.

दुकानातल्या हप्त्यांचं मात्र जपून. बिनव्याजी म्हणून सांगितलेल्या हप्त्यात प्रोसेसिंग फी असते, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही. लग्नं चातुर्मासात थांबतात. हप्ता थांबत नाही. पहिल्या वर्षी आषाढ ते कार्तिक हा काळ कशावर काढायचा, याचा हिशेब कागदावर मांडून मगच सही करावी.

घेतल्यावर

हळदीच्या कार्यक्रमात हवेत उडणारी हळद, जेजुरीचा भंडारा, मिरवणुकीतला गुलाल हे कॅमेऱ्याचे वैरीच. साध्या बॉडींना धूळ-पाणी अडवायची सोय फारशी नसते. अशा ठिकाणी लेन्स बदलायचीच नाही, आधीच ठरवून एक लावून जायची. अंगावर प्लास्टिकची पिशवी बांधून, पुढं भोक पाडून वापरली तरी भागतं. घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसायची घाई करू नये, आधी कोरड्या ब्रशनं आणि हवेच्या फुग्यानं झटकावं, नाहीतर हळदीचा लगदा बटणांच्या फटींत बसतो.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटातल्या बंद बॅगेत ठेवला की फंगसला घर मिळालंच. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं. पुड्या ओलावा पिऊन पिऊन निकामी होतात, त्या अधूनमधून बदलायच्या. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला देणारे असतात. त्यानं ओल थोडी जाते, पण कोंडा बटणांत शिरतो. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून, उजेडात ठेवून, पाच-पंचवीस क्लिक केले तर तो डब्यातल्यापेक्षा जास्त टिकतो.

लग्नाहून परत आल्यावर कितीही रात्र झालेली असो, कार्डं कॉम्प्युटरवर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून मगच झोपायचं, आणि अल्बम गिऱ्हाईकाच्या घरी पोचेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

घ्यायची वेळही बघावी. सीझनच्या तोंडावर, दिवाळीनंतर, सगळ्यांनाच कॅमेरा हवा असतो आणि विकणारा घासाघीस ऐकत नाही. लग्नं आटोपल्यावर, ज्येष्ठ-आषाढात, जुनी बॉडी काढून पुढची घेणारे स्टुडिओवाले भेटतात. तेव्हा घेतला तर हात बसायला चार महिने मिळतात. शाळेतला पंधरा ऑगस्ट, गावातला गणपती, नवरात्रातला गरबा, शेजारच्या घरातलं बारसं. यांतल्या चार-पाच ठिकाणी फुकट जाऊन फोटो काढले, की १.८ ची लेन्स कुठं फसवते आणि फ्लॅश कुठल्या छतावर आपटतो, हे पहिल्या सुपारीच्या आधीच कळून येतं.